मे महिन्यात ओली होणारी भिंत

कुणाच्याही घरात शिरले की मी आधी वर बघते. छत, मग खिडक्यांच्या वरची झरोक्याची जागा, मग कपाटांच्या मागची फट. माणसांकडे माझं लक्ष जरा उशिराच जातं. नवीन ठिकाणी यामुळे गैरसमज होतात. एका घरात माझ्या पुतणीला दाखवायला घेऊन गेलो होतो, तर मुलाची आई नंतर मध्यस्थाला म्हणाली, "ती काकू घराची किंमत करत होती." मी किंमत करत नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या धुराच्या पंख्याला मागून पुठ्ठा लावला होता, तो का लावला असेल याचा विचार करत होते.

जळगावात आमचं कूलरचं दुकान. सासऱ्यांच्या वेळी तिथे पत्र्याच्या कोठ्या, पेट्या आणि आंघोळीचे बंब व्हायचे. माझ्या यजमानांनी कूलर बनवायला सुरुवात केली. पत्रा कापायचा, गवताच्या जाळ्या बसवायच्या, मोटर जोडायची हे काम त्यांचं. घरी जाऊन कूलर कुठे बसवायचा, का चालत नाही, वास का येतो हे बघायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. कारण कूलर झोपायच्या खोलीत असतो, धूर स्वयंपाकघरात असतो, ओल मोरीशेजारी असते, आणि या तिन्ही जागांबद्दल घरातली बाई पुरुष कारागिराशी मोकळेपणी बोलत नाही. माझ्याशी बोलते. कधी कधी कूलर सोडून बाकी सगळं बोलते. आता दुकान पुतण्या बघतो. मी थकले, पण "हवा बघायला" कुणी बोलावलं तर अजून जाते.

आमच्या धंद्यातली गोष्ट एवढीच, की कूलर हवा थंड करत नाही. तो हवेला पाणी पाजतो. आमच्याकडची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी, की ओलं लुगडं दोरीवर टाकून चहा ठेवावा आणि चहा होईपर्यंत लुगडं वाळावं. अशी तहानलेली हवा ओल्या गवतातून ओढली की ती पाणी पिते आणि गार होते. माठातलं पाणी गार होतं ते याच रीतीनं. पण हवेचं पोट एकदा भरलं की ती आणखी पीत नाही. म्हणून कूलरसमोर तिला बाहेर जायला वाट लागते. भरलेली हवा जाईल तेव्हा कोरडी आत येईल. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण लोकांना वाटतं, खिडकी उघडली की गारवा पळून जाईल.

धुळ्याला एक गिऱ्हाईक होतं, धान्याचे व्यापारी. ते दर जुलैत तक्रार घेऊन यायचे, की कूलर आजारी पडला. एप्रिल-मेमध्ये ठणठणीत असतो आणि पाऊस पडला की याची तब्येत बिघडते. मी सांगायची, "शेठ, कूलर बरा आहे, हवेनं पावसाचं पाणी आधीच पिऊन ठेवलंय. आता नुसता पंखा लावा." ते मान डोलवायचे आणि पुढच्या जुलैत पुन्हा यायचे. माझी खात्री आहे की त्यांना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यांना आमच्याकडचा चहा आवडायचा.

सगळीच गिऱ्हाइकं अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जळगावातल्याच एका बाईंनी थंडीत मला न्हाणीघराचा झरोका बंद करून द्यायला बोलावलं. आतच गॅसचा गीझर होता. मी म्हटलं, हा झरोका बुजवू नका, गॅस जळताना खोलीतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो, त्याला ना रंग ना वास. गीझर बाहेर काढा, मग झरोक्याचं बघू. त्यांना राग आला. दुसऱ्या कुणाकडून तरी त्यांनी तो बंद करून घेतला. काही दिवसांनी त्यांच्या आई आंघोळ करता करता आत कोसळल्या. दाराची कडी ढिली होती म्हणून दार ढकलून काढता आलं आणि म्हातारी वाचली. बाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. तेव्हापासून मी न्हाणीघरात गीझर दिसला की, ज्या कामाला गेले असेन ते काम बाजूला ठेवून, आधी त्याबद्दल बोलते. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

पण मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते भुसावळच्या एका भिंतीनं.

फोन दुकानावर आला. पलीकडचा आवाज असा, की जणू फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलतोय. "भिंतीची ओल बघणारी बाई तुमच्याकडेच ना? मग पाठवा. पण लेखी द्यावं लागेल तिला, ओल कुठून येते ते. वकील बघून ठेवलाय मी."

मी म्हटलं, "मीच बोलतेय. लेखी-बिखी मी देत नाही. बघून सांगते."

त्यांनी भुसावळचा पत्ता सांगितला. मग, "बरं. या."

मे महिना होता. मी एसटीनं भुसावळला गेले. फोन करणारे हे रामदासनाना. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. ओट्यावर पायजमा-बंडीत उभे राहून माझी वाट बघत होते. घर वडिलांचं, जुन्या वस्तीतलं, पण पुढचा भाग पाडून नवा बांधलेला. वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं होतं. मागची मोठी खोली मधोमध भिंत घालून दोघांत विभागली होती. अलीकडे नाना आणि त्यांच्या पत्नी इंदूअक्का, पलीकडे धाकटे भाऊ प्रभाकर आणि त्यांच्या पत्नी मीना. मुलं दोघांचीही पुण्याकडे.

नानांनी मला थेट मागच्या खोलीत नेलं. दार उघडलं आणि मला थोडं गुदमरल्यासारखं झालं. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन आणि आत पावसाळ्यातल्या गोठ्यासारखी दमट हवा. कुबट वास. खिडकी बंद, फटींना चिकटपट्टी लावलेली, वर जाड पडदा. कूलर खिडकीत नव्हता. खोलीच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी घरघरत होता. पलंगावर इंदूअक्का बसल्या होत्या, हातात दम्याचा पंप. मला बघून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मध्येच थांबल्या, श्वास घेतला आणि मग म्हणाल्या, "ये... बस."

नानांनी कपाट दाखवलं. लोखंडी कपाट त्या मधल्या भिंतीला लागून होतं आणि त्याच्या मागे भिंत काळी पडली होती. बुरशी. कपाटाच्या बाजूला भिंतीला हिरवट ऑइलपेंट होता, आणि त्यावर पाण्याचे थेंब उभे होते. मे महिन्यात, दुपारी, भुसावळला.

"पलीकडे यांनी मोरी बांधली," नाना म्हणाले. "दोन वर्षं झाली. तेव्हापासून ही भिंत गळते. प्लंबर आणला, प्लास्टर फोडलं, पाइप सापडला नाही. म्हणजे पाइप त्यांच्या बाजूला आहे. मी त्याला सरळ सांगितलं, तुझ्या मोरीचं पाणी माझ्या बायकोच्या छातीत चाललंय. तर दार लावून घेतलं त्यानं. दोन वर्षं बोलत नाही."

"पावसाळ्यात किती ओली होते?" मी विचारलं.

"पावसाळ्यात?" नानांनी विचारलं. त्यांच्याऐवजी अक्कांनीच उत्तर दिलं. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. माहेर सोडून आयुष्य गेलं तरी बोली सोडली नव्हती.

"पावसायामा कोरडी ऱ्हास," त्या म्हणाल्या. जरा थांबल्या. "थंडीमा बी कोरडी. फक्त उन्हायामा... तीबी दुपारले."

ऐकून मी बॅग खाली ठेवली आणि बसले. पाइप फुटला असेल तर तो ऋतू बघून गळत नाही. न्हाणीघराची ओल असेल तर ती सकाळी हवी, लोक आंघोळी करतात तेव्हा. ही ओल उन्हाळ्यात येते, आणि उन्हाळ्यातही दुपारी. उलटा सगळा हिशेब.

"माले तर बरं वाटस आठे," अक्का पुढे म्हणाल्या. "भितले पाठ टेकीसनी बसस मी. थंडगार लागस."

तेवढ्यात नानांनी फ्रिजमधलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणून दिलं. मी पेला हातात घेतला, आणि घेता घेताच तो बाहेरून ओला झाला. थेंब ओघळून माझ्या मांडीवर पडला. मी पेला घेऊन उठले आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. नाना मागे आले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. बाहेरच्या झळीत पेल्यावरचे थेंब बघता बघता उडून गेले. पाणी आत तितकंच गार होतं, पण पेला कोरडा. मी पुन्हा खोलीत गेले. पेला पुन्हा ओला.

मला वाटतं त्या दुपारी मी पाच-सहा वेळा आत-बाहेर केलं. नाना उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, पाणी प्यायचं नसेल तर राहू द्या."

मी माझी दोन तापमापकं काढली. आता यासाठी छोटी यंत्रं मिळतात, पण माझी सवय जुनी. एका तापमापकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळायचं, दुसरं कोरडं ठेवायचं. हवा कोरडी असेल तर फडक्याचं पाणी उडतं आणि ओल्या तापमापकाचा पारा खूप खाली उतरतो. दोन्हींत फरक मोठा असेल तर हवा तहानलेली, फरक कमी असेल तर हवेचं पोट भरलेलं. ओट्यावर दोन्हींत भलं मोठं अंतर पडलं. खोलीत दोन्ही पारे जवळजवळ एकाच रेषेवर.

म्हणजे पाणी पाइपातून येत नव्हतं. हवेतून येत होतं. बंद खोलीत कूलर त्याच त्या हवेला पाणी पाजत बसला होता, आणि हवेला बाहेर जायला जागा नव्हती.

"कूलर आत का आणला?" मी विचारलं.

"बाहेर वीज केंद्राची राख किती उडते," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हणाले हिला धुळीपासून जपा. मग मी खिडकी पॅक केली."

माणसानं बायकोच्या जिवासाठी केलेलं काम. त्याला मी काय बोलणार? पण कोडं अजून अर्धंच सुटलं होतं. हवेत पाणी आहे, कबूल. मग बाकीच्या तीन भिंती कोरड्या का? थेंब फक्त याच भिंतीवर का? मी तळहात टेकवला. पेल्यासारखीच गार होती ती. भर मे महिन्यात घरातली एक भिंत गार कशी राहते?

"मला पलीकडे जाऊन बघावं लागेल," मी म्हटलं.

"तुम्ही जा. मी येणार नाही. आणि माझं नाव सांगायचं नाही."

"मग कुणाचं सांगू?"

"भिंतीचं सांगा," असं म्हणून नानांनी तोंड फिरवलं.

प्रभाकरभाऊंनी दार अर्धंच उघडलं. कारखान्यात फिटर होते ते; अंगानं नानांसारखेच, फक्त आवाज हळू. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. ते म्हणाले, "मोरी बघायची? बघा. बघूनच घ्या एकदा." आणि मला घराच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. नवी मोरी तिथे होती, रस्त्याच्या बाजूला. मधल्या भिंतीपासून दोन खोल्या पलीकडे. "मीना तेव्हा पुढच्या खोलीत असायची, तिला उचलून मागे न्यावं लागायचं, म्हणून पुढे बांधली. नानाने आत येऊन बघितलं असतं तर दिसलं असतं. त्यानं रस्त्यावरूनच ओरडायला सुरुवात केली. माझी बायको नुकतीच दवाखान्यातून आलेली, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. आणि हा माझ्या मोरीचं पाणी मोजतोय."

"मग मधल्या भिंतीला लागून काय आहे?"

त्यांनी खोलीचं दार उघडलं. थंड हवेचा लोट अंगावर आला. आत पलंगावर मीनावहिनी झोपलेल्या होत्या, अंगावर पातळ चादर. समोरच्या भिंतीवर एसी. त्याचा झोत वहिनींच्या अंगावरून जाऊन थेट मधल्या भिंतीवर आपटत होता. मी भिंतीला हात लावला. इकडून कोरडी ठक्क, आणि बर्फासारखी.

"उन्हाळ्यात हिच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या," प्रभाकरभाऊ म्हणाले. "म्हणून घेतला एसी. जेवण झालं की लावतो, संध्याकाळी बंद करतो."

जेवणानंतर. म्हणजे दुपारी. आणि फक्त उन्हाळ्यात.

वाटणीच्या वेळी घातलेली ती भिंत एका विटेच्या लांबीइतकीही जाड नव्हती. वीट लांबीत आडवी लावून केलेली चार इंची. एका अंगानं एसी तिला गार करत होता, दुसऱ्या अंगानं कूलरची भरलेली हवा तिच्यावर येऊन थेंब सोडत होती. कपाटाच्या मागे हवा हलत नव्हती, म्हणून तिथे बुरशी. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "अरे वा" म्हणाले, आणि लगेच वाईट वाटलं. पलंगावर आजारी माणूस होतं.

मीनावहिनींनी डोळे उघडले. त्यांचं बोलणं जड होतं, अर्धे शब्द ओठात राहत. "अक्का..." त्या म्हणाल्या. मग प्रभाकरभाऊंकडे बघितलं.

"विचारतेय, अक्का कशी आहे," ते म्हणाले. "भिंतीतून खोकला ऐकू येतो हिला. दिवसभर तेच ऐकत असते."

मी प्रभाकरभाऊंना सगळं समजावलं. फिटर माणूस, लगेच समजले. पण समजणं आणि मानणं यात फरक असतो, आणि नाना तर सांगून मानणाऱ्यातले नव्हतेच. म्हटलं, दाखवावं लागेल. दोघांनी मिळून. एका दुपारी एसी बंद ठेवून कूलर चालू ठेवायचा, दुसऱ्या दुपारी उलट.

"एसी बंद ठेवू मी," ते म्हणाले, "पण हिला कुठे ठेवू? पुढच्या खोल्या तापून भट्टी होतात."

हे मी नानांना येऊन सांगितलं. नानांनी दाढी खाजवली. "त्याच्या घरातलं त्यानं बघावं," म्हणाले, पण म्हणताना पलंगाकडे बघितलं नाही. अक्का पंप ओढत होत्या. तो खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तिले आठे लई या."

"इथे कुठे, या वाफेत?"

"पुढली खोलीमा," अक्का म्हणाल्या. आणि नानांकडे बघून, "मी सांगी ऱ्हायनू."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पोचले. पुढच्या खोलीच्या वाऱ्याकडच्या खिडकीत मी भिजवलेली चादर टांगली आणि समोरचं दार सताड उघडं ठेवलं. बाहेरची झळ चादरीतून आत आली ती गार होऊन आली, आणि दारानं निघून गेली. कूलरचंही काम हेच, त्याला मोटर लागते एवढंच. नाना त्या वाऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी चादरीला हात लावून बघितला.

प्रभाकरभाऊ आणि शेजारच्या एका गृहस्थानं मीनावहिनींना खुर्चीत बसवून आणलं. दोन्ही घरांच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर. अक्का उठून पुढे आल्या. दोघींपैकी कुणी रडलं नाही. अक्कांनी वहिनींच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती केस गळनात तुन्हा." वहिनींनी चांगल्या हातानं अक्कांचा पदर धरला तो दुपारभर सोडला नाही.

मागच्या खोलीत मी भिंत फडक्यानं कोरडी केली. एसी बंद. कूलर नेहमीसारखा आत, खिडकी बंद. दुपार झाली, दुपार उतरली. भिंतीवर एक थेंब नाही. नाना दर थोड्या वेळानं येऊन बोट फिरवून जात.

तिसऱ्या दिवशी एसीही चालू केला, कूलर तसाच आत. वहिनी पुढच्याच खोलीत, अक्कांजवळ. थोड्या वेळानं भिंत गार लागू लागली आणि मग ऑइलपेंटवर बारीक धुकं आलं. धुक्याचे थेंब झाले.

"बघा!" नाना ओरडले. "सांगत होतो मी! त्याचाच दोष!"

प्रभाकरभाऊ दारात उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

"थांबा नाना," मी म्हटलं. "एसी चालूच राहू द्या." मी खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली, खिडकी उघडली, कूलर बंद केला आणि दार उघडून ठेवलं. बाहेरची कोरडी हवा खोलीतून वाहायला लागली. आम्ही तिघं भिंतीसमोर उभे राहिलो. थेंब बारीक झाले, मग धुकं, मग नुसता पेंट. नानांनी हात लावला. भिंत अजून तशीच गार होती. पण कोरडी.

"म्हणजे?" नाना म्हणाले.

"पाणी तुमचं, गारवा त्यांचा. एकट्याचं काहीच झालं नसतं."

नानांनी पुन्हा एकदा भिंतीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता वकिलाचं नाव निघतंय. प्रभाकरभाऊ हळूच म्हणाले, "म्हणजे नाना, मोरी नव्हती."

"नव्हती," नाना म्हणाले. मग घसा साफ करून, "चहा घेतोस?"

"घेतो."

माफी-बिफी काही झाली नाही. नानांनी स्वतः चहा केला, साखर विसरले, आणि प्रभाकरभाऊंनी तो तसाच प्यायला.

मी कूलर खिडकीत बसवून दिला, गवताच्या जाळ्या नव्या घातल्या. कूलरसमोरच्या झरोक्याची झडप चार बोटं उघडी ठेवायची, तिला बारीक जाळी. धुळीचं नानांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ओलं गवत बरीचशी धूळ धरून ठेवतं, फक्त ते दर आठवड्याला धुवायचं आणि टाकीतलं पाणी शिळं ठेवायचं नाही. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आणलं. बुरशी खरवडताना अक्कांना दोन दिवस पलीकडे पाठवलं, ती उडून पुन्हा छातीत जायला नको म्हणून. प्रभाकरभाऊंनी एसीचा झोत वर वळवला आणि तो थोडा कमी गार ठेवला. अक्कांचा दमा मी बरा केला असं म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पंप राहिला. पण पावसाळ्याच्या तोंडाला नानांचा फोन आला, की डॉक्टरांनी डोस कमी केलाय. आवाज तसाच, फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून.

मला राहून राहून वाटतं ते त्या दोन वर्षांचं. भिंतीला कान लावून एकीनं दुसरीचा खोकला ऐकायचा आणि दुसरीनं त्याच भिंतीला पाठ टेकून बसायचं. कुणी एकानं दार उघडून आत बघितलं असतं, तर माझी गरजच नव्हती. मीनावहिनींना जेमतेम एक पावसाळा आणि अर्धी थंडी मिळाली. रोज सकाळी त्यांना खुर्चीतून अक्कांकडे आणत असत. थंडीत त्या गेल्या. मला फोन प्रभाकरभाऊंनी केला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "शेवटचे महिने बरे गेले ताई तिचे. बोलायला माणूस होतं."

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त भुसावळला गेले, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. भर दुपार. मागच्या खोलीत कूलर खिडकीत चालू होता. भिंतीला नवा रंग. पलंगावर अक्का भाजी निवडत होत्या आणि खाली चटईवर दोघे भाऊ. प्रभाकरभाऊ आता एसी लावत नाहीत. एकट्यासाठी कशाला, म्हणतात. दुपारी इकडेच येऊन पडतात.

मी आत आले तेव्हा भांडण रंगात आलं होतं.

"दोन बोटं बंद कर ती झडप," नाना म्हणत होते. "राख येते."

"ताईंनी चार बोटं सांगितली होती. तुझी दोन बोटं म्हणजे पुन्हा भिंत घामाघूम."

"माझी चार बोटं म्हणजे तुझी सहा. तू आयुष्यभर फिटर, तुला मापं कळायला हवीत."

"मापं कळतात म्हणूनच सांगतोय."

मला बघताच दोघांनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा, किती उघडी हवी?"

मी भिंतीला हात लावला. कोरडी होती. तापमापकं काढायला बॅग उघडली, तेवढ्यात अक्कांनी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"मापू नको काही," त्या म्हणाल्या. "ह्या दोन्हीस्ले भाईर काढ, मंग मन्ही खोलीनी हवा आपोआप चांगली व्हई."

एवढं लांब वाक्य, आणि अक्कांनी ते एका दमात म्हटलं. नाना आणि प्रभाकरभाऊ हसायला लागले. झडपेचं त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.